मिठावाचून अडलेले युद्ध : शेतीप्रधान दक्षिणेत भाकरीची टंचाई का पडली?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडील राज्यांमधल्या अनेक शेतघरांत बायकांनी एक विचित्र काम हाती घेतले होते. तिकडे प्रत्येक शेतघराच्या मागे मांसाला धुरी देऊन ते टिकवण्यासाठी एक लाकडी खोपी असे. तिच्या आतली जमीन त्यांनी कुदळीने खणायला घेतली, कारण वर्षानुवर्षे मीठ चोळलेले मांस आढ्याला टांगल्यामुळे त्यातून ठिबकलेले खारे पाणी त्या मातीत मुरलेले होते. ती माती पिंपात भरायची, वरून पाणी ओतायचे, खाली निथळलेले पाणी कढईत आटवायचे आणि तळाशी उरलेले मातकट मीठ खरवडून घ्यायचे, असा हा उद्योग होता. ज्यांच्या शेतात मका पिकत होता आणि ज्यांची डुकरे रानात चरत होती, त्या कुटुंबांवर पायाखालची माती उकळण्याची वेळ का आली, हे नीट समजून घेतले तर ते युद्ध घराच्या बाजूने कसे लढले गेले आणि कसे हरले गेले, हेही पुष्कळसे उलगडते.

हे युद्ध एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ अशी चार वर्षे चालले. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडील ११ राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. त्यांची लोकसंख्या सुमारे ९० लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ ३५ लाख माणसे गुलाम होती. दक्षिण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापसाचे अफाट मळे आणि खांबांचे पांढरे वाडे उभे राहतात. प्रत्यक्षात बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. नवरा, बायको, हाताशी आलेली मुले, एखादे खेचर, दोन गायी आणि थोडी जमीन, एवढाच त्यांचा संसार होता. त्यांच्या ताटात मुख्यतः मक्याच्या पिठाची भाकरी आणि खारवलेले डुकराचे मांस असे. असे घर सुरळीत चालायला एका धडधाकट माणसाची गरज असते, आणि सैन्यभरतीने नेमका तोच माणूस उचलला.

एप्रिल १८६२ मध्ये दक्षिणेच्या सरकारने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. त्याने १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांना तीन वर्षांसाठी सैन्यात ओढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही मर्यादा ४५ पर्यंत वाढली आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये १७ ते ५० पर्यंत गेली. गावातला लोहार, चांभार, सुतार, गिरणीवाला यांना काही प्रमाणात सूट होती, तरी त्यांच्यापैकी पुष्कळ जण पहिल्याच वर्षी स्वखुशीने गेलेले होते. शेतीच्या कामात याचा अर्थ काय होतो हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. नांगर बाईही धरते, आणि तिकडे बायकांनी तो धरलाच. पण नांगराचा फाळ बोथट झाला तर त्याला धार लावायला लोहार लागतो, कुंपण मोडले तर खांब फोडायला मनगट लागते, आणि ऐन पेरणीत खेचर पायाला दुखावले तर दुसरे खेचर लागते. यांतले काहीच मिळेनासे झाल्यावर पेरा आपोआप घराजवळच्या तुकड्यापुरता आक्रसत गेला.

ऑक्टोबर १८६२ मध्ये या जखमेवर मीठ चोळणारी एक सवलत आली. ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम आहेत, तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट मिळाली. गुलामांवर देखरेख ठेवणारा कोणी हवा आणि सैन्याला धान्य पुरवणारे मळे चालू राहायला हवेत, असा सरकारचा युक्तिवाद होता. प्रत्यक्ष फायदा फार थोड्यांना झाला. पण पाच एकरांच्या धन्याला त्यातून एवढेच कळले की आपण गेल्यावर आपली बायको नांगर धरणार आणि शेजारच्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा मात्र घरी राहणार. श्रीमंतांचे युद्ध आणि गरिबांची लढाई, ही म्हण तेव्हा सर्वतोमुखी झाली.

आता कापसाकडे वळू. दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब असा होता की आपला कापूस मिळाला नाही तर इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि मग इंग्लंडला आपल्या बाजूने उतरावेच लागेल. म्हणून १८६१ मध्ये मळेवाल्यांनी स्वतःहून कापूस अडवून धरला. इकडे उत्तरेचे, म्हणजे उरलेल्या संघराज्याचे, अध्यक्ष लिंकन यांनी त्याच एप्रिलमध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि हळूहळू समुद्राचा रस्ता खरोखरच बंद होत गेला. हिशेब चुकला. इंग्लंडने इजिप्तकडून कापूस घेतला आणि हिंदुस्थानाकडूनही घेतला. खानदेश आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या कापसाला तेव्हा जो सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा जो फुगा फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच जो फुटला, त्याचे मूळ जॉर्जिया आणि मिसिसिपीच्या या रिकाम्या धक्क्यांवर आहे. चढ्या भावाच्या जोरावर सावकारांनी सैल हाताने दिलेली कर्जे मंदीत शेतकऱ्यांच्या गळ्याशी आली. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांची कारणे शोधताना अभ्यासक या तेजीपर्यंत मागे जातात.

दक्षिणेत कापसाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा धान्य पेरा असा आदेश निघू लागला. जॉर्जियाने १८६२ च्या अखेरीस कायदाच केला की दर मजुरामागे तीन एकरांपेक्षा जास्त कापूस लावायचा नाही. एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी जाहीर आवाहन करून मका, ओट, वाटाणे, बटाटे लावायला सांगितले. १८६१ मध्ये सुमारे ४५ लाख गाठींवर असलेले कापसाचे उत्पादन दोन वर्षांत पाच लाखांच्या आत आले. म्हणजे जमीन धान्याकडे वळली होती, आणि मका पिकतही होता. खरी अडचण पुढची आहे. पिकलेले धान्य टिकवायचे कसे, हलवायचे कसे आणि कोणाच्या हाती लागू द्यायचे, या तीन ठिकाणी घडी विस्कटली.

टिकवण्याची गोष्ट म्हणजे मीठ. थंडी पडली की डुकरे कापायची, मांसाला मीठ चोळून ते मुरवायचे, मग धुरी देऊन टांगायचे आणि वर्षभर पुरवून खायचे, ही तिथल्या प्रत्येक घराची रीत होती. मीठ नसेल तर कापलेले मांस आठवडाभरात नासते. डुकरे कापलीच नाहीत तर त्यांना मका घालून पोसावे लागते, म्हणजे माणसाच्या तोंडचा घास पुन्हा जनावराकडे जातो. युद्धापूर्वी दक्षिणेचे बरेचसे मीठ परदेशातून येई, कारण कापूस न्यायला येणारी जहाजे रिकामी येण्याऐवजी तळाला वजन म्हणून मीठ भरून आणत आणि ते स्वस्तात उतरे. कापूस थांबला तशी जहाजे थांबली आणि जहाजांबरोबर मीठही. हा धागा १८६१ मध्ये कापूस अडवून धरणाऱ्या कोणाच्या डोक्यात आला असेल असे मला वाटत नाही.

मग फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी मोठमोठ्या कढयांत आटवण्याच्या भट्ट्या लागल्या. त्या धुरामुळे दुरून दिसत आणि उत्तरेच्या आरमाराच्या तुकड्या येऊन कढया फोडून जात. त्या गेल्या की भट्ट्या पुन्हा उभ्या राहत. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात सॉल्टव्हिल नावाचे गाव आहे, तिथल्या खाऱ्या विहिरी सोन्याच्या खाणीइतक्या मोलाच्या झाल्या. निरनिराळ्या राज्यांनी तिथे आपापले अधिकारी पाठवून मीठ काढण्याची स्वतंत्र व्यवस्था लावली. ऑक्टोबर १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेने या गावावर केलेला हल्ला परतवला गेला, पण डिसेंबरमध्ये दुसऱ्या फौजेने येऊन तिथल्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. राज्याचे सरकार सैनिकांच्या कुटुंबांना ठराविक मीठ वाटत असे. ते वेळेवर पोहोचले नाही की खोपीतली माती खणायची पाळी येई.

कपड्याचीही तीच कथा आहे, आणि ती ऐकताना आपल्या विदर्भाची आठवण येते. कापूस घरात ढिगाने पडलेला, आणि अंगावर धड वस्त्र नाही. उत्तरेचे आणि इंग्लंडचे गिरणीचे कापड येईनासे झाले, तेव्हा माळ्यावर टाकलेले चरखे आणि माग खाली उतरले. पण सूत कातण्याआधी कापूस पिंजून त्याचे पेळू करावे लागतात, आणि त्यासाठी तारेचे बारीक दात बसवलेल्या फळ्यांची जोडी लागते. या फळ्या उत्तरेकडून येत असत. काही राज्य सरकारांना या साध्या वस्तूसाठी नाकेबंदी चुकवून जहाजे आणावी लागली. कॉफीच्या जागी भाजलेले राय नावाचे धान्य, भेंडीच्या बिया, वाळवलेले रताळे असे काय काय उकळून प्यायले जाई. त्या पेयाच्या चवीविषयी कोणी चांगले लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

धान्य हलवण्याची व्यवस्था आधीच अपुरी होती. दक्षिणेकडे सुमारे ९,००० मैल लोहमार्ग होता, उत्तरेकडे २०,००० मैलांहून जास्त. त्यातही सगळीकडे रुळांमधले अंतर सारखे नव्हते. नवे रूळ पाडायला लोखंड मिळेना आणि होते ते सैन्याच्या वाहतुकीने झिजले. त्यामुळे एका राज्यात मका भरपूर आणि दोनशे मैलांवरच्या शहरात पिठाला मोताद, असे चित्र दिसू लागले.

उरलेले काम सरकारच्या गरजेने केले. दक्षिणेच्या सरकारने कर फारसे बसवले नाहीत आणि खर्चासाठी नोटा छापत राहिले. एप्रिल १८६५ पर्यंत तिथली भावपातळी युद्धाच्या सुरुवातीच्या तुलनेत ९० पटींहून वर गेली होती. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार मात्र ११ डॉलर होता आणि १८६४ मध्ये तो १८ झाला, तोही महिनोन्महिने हाती पडत नसे. अशा नोटा घेऊन शेतकरी धान्य विकायला तयार होईना. मग मार्च १८६३ मध्ये सैन्याला लागेल ते धान्य, जनावरे आणि गाड्या सरकारी दराने जप्त करण्याचा कायदा झाला. तो दर बाजारभावापेक्षा पुष्कळ खाली असे आणि पुष्कळदा पैशांऐवजी चिठ्ठीच हाती पडे. लगेच एप्रिलमध्ये वस्तुरूपाने कर आला. घरखर्चासाठी १०० बुशेल मका किंवा ५० बुशेल गहू, शिवाय ठराविक बटाटे आणि रताळी बाजूला ठेवून उरलेल्या पिकाचा दहावा हिस्सा सरकारजमा करायचा. शंभर बुशेल मका म्हणजे साधारण २५ क्विंटल. कापलेल्या डुकरांचा दहावा हिस्साही खारवलेल्या मांसाच्या रूपात द्यायचा होता, म्हणजे मीठही शेतकऱ्याच्याच घरचे. जमा केलेले धान्य गाड्यांची वाट पाहत गोदामात सडत असल्याच्या तक्रारी सर्वत्र होत्या. पीक गेल्याचे दुःख एकपट, आणि ते कोणाच्याच पोटात न गेल्याचे दुप्पट.

जप्ती करणारा कोणाच्या दारात आधी जातो? ज्याचे शेत रस्त्यालगत आणि रेल्वेजवळ आहे त्याच्या. म्हणून ओझे सारखे वाटले गेले नाही. खेचर नेले की त्या घराचा पुढच्या वर्षीचा पेराच गेला, हा हिशेब जप्तीच्या पावतीवर मांडलेला नसे.

या सगळ्याचे पडसाद पत्रांतून उमटले. ज्या बायकांनी जन्मात सरकारी माणसाशी शब्द बोललेला नव्हता, त्या राज्यपालांना अर्ज लिहू लागल्या. नॉर्थ कॅरोलिनाचे राज्यपाल झेबुलन व्हान्स यांच्या दप्तरात अशा अर्जांचे गठ्ठे आहेत. त्यांची भाषा ओबडधोबड आहे, शुद्धलेखनाच्या चुका आहेत, आणि म्हणणे मात्र अगदी नेमके आहे : माझा नवरा तुम्ही नेलात, तेव्हा मुलांच्या पोटाची जबाबदारी तुमची. राज्यांनी सैनिकांच्या कुटुंबांना मका आणि पैसे वाटण्याच्या योजना काढल्या, त्यांवर खर्चही मोठा केला, पण गरज त्याहून मोठी होती. मार्च १८६३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरी गावात सैनिकांच्या बायकांनी साठेबाज दुकानदारांकडून पीठ, काकवी आणि मीठ वसूल केले. २ एप्रिलला राजधानी रिचमंडमध्ये शेकडो बायका राज्यपालांच्या दाराशी गेल्या आणि तिथून निराश होऊन बाजारात घुसल्या. सरकारला ज्या दराने धान्य मिळते त्याच दराने आम्हालाही द्या, एवढीच त्यांच्यातल्या अनेकींची मागणी होती. अखेर बंदुका रोखून जमाव पांगवला गेला, आणि या प्रकाराची वाच्यता करू नये अशी विनंती सरकारने शहरातल्या वर्तमानपत्रांना केली.

दुसऱ्या प्रकारची पत्रे छावणीत जात. घरात काय शिल्लक आहे, धाकट्याला ताप आहे, पेरणीला कोणी नाही, एवढेच त्यांत असे. ती वाचून शिपाई रात्री उठून चालू लागे. कायद्याच्या भाषेत तो पळपुटा होता. त्याच्या मनात तो काही दिवस पेरणी करून परत येणार होता, आणि बरेच जण खरोखर परत आलेही. पण १८६४ च्या हिवाळ्यात जे गेले त्यांतले पुष्कळ आले नाहीत, आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या सैन्याच्या रांगा लढाईइतक्याच या घरवापसीनेही विरळ झाल्या.

घर हा शब्द ज्यांच्या वाट्याला आलाच नव्हता, त्यांच्याकडे आता पाहू, कारण त्यांच्याशिवाय ही कहाणी लंगडी राहते. दक्षिणेचा निम्म्याहून अधिक कापूस आणि पुष्कळसे धान्य गुलामांच्या हातांनी पिकत होते. मालक रणांगणावर गेला, मालकीण मळा चालवू लागली, आणि गुलामांनी परिस्थिती ओळखली. कामाचा वेग मंदावला, रात्री धान्य नाहीसे होऊ लागले, आणि उत्तरेचे सैन्य जवळ आल्याची कुणकुण लागताच माणसे निघून जाऊ लागली. मे १८६१ मध्येच तीन गुलाम व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातील किल्ल्यात पोहोचले. तिथले सेनापती बटलर यांनी त्यांना शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता ठरवून परत द्यायला नकार दिला. मालमत्ता म्हणवून घेऊन स्वातंत्र्य मिळवण्याचा हा उलटा न्याय होता, पण वाट खुली झाली. पुढच्या चार वर्षांत अंदाजे पाच लाख माणसे त्या वाटेने आली आणि जवळपास १,८०,००० कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या सैन्यात लढले. मळ्यांची शेती खचण्यामागे त्यांचे हे निघून जाणे फार मोठे कारण होते. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेचे जनरल शर्मन यांनी सागरकाठची जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. अनेकांनी तिथे पेरणीही केली. लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि मुक्त झालेला शेतकरी पुन्हा त्याच रानात वाटेकरी म्हणून उभा राहिला.

शेवटच्या वर्षात उत्तरेच्या सेनापतींनी ओळखले होते की दक्षिणेचे सैन्य कणगीवर उभे आहे. १८६४ च्या शरद ऋतूत शेरिडन यांनी व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात गहू, गवत आणि अवजारांनी भरलेली २,००० हून अधिक कोठारे आणि ७० हून अधिक पीठगिरण्या जाळल्याचा अहवाल दिला. त्या खोऱ्यात धर्माने शस्त्र न धरणारे मेनोनाइट शेतकरीही राहत होते, त्यांचीही कोठारे वाचली नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शर्मन यांची ६०,००० ची फौज अटलांटापासून सव्हाना बंदरापर्यंत वाटेतल्या शेतांवर पोसली गेली. प्रत्येक कुटुंबाला पुरेसे राखावे असे त्यांच्या लेखी हुकमात होते. परसात पुरलेले मांस काढून नेणाऱ्या टोळ्यांना तो हुकूम फारसा आठवत नसे.

उत्तरेकडे चित्र बरेच निराळे होते. तिथेही पुरुष गेले, पण कापणीची यंत्रे आली होती आणि ती बायका-पोरांना चालवता येत होती. १८६२ या एकाच वर्षात स्वतंत्र शेती खाते निघाले, वसाहत करणाऱ्याला १६० एकर जमीन देणारा कायदा झाला आणि शेतकी महाविद्यालयांसाठी जमिनीची तरतूद झाली. गव्हाची इंग्लंडला होणारी निर्यात उलट वाढली. पण ज्या शेतावरून प्रत्यक्ष लढाई गेली, त्याला उत्तर काय आणि दक्षिण काय.

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गजवळ लिडिया लाइस्टर या विधवेचे नऊ एकरांचे शेत होते. जुलै १८६३ च्या लढाईत तिचे दोन खोल्यांचे घर उत्तरेचे सेनापती मीड यांचे मुख्यालय बनले. परत आली तेव्हा गहू तुडवला गेला होता, गवत गेले होते, सफरचंदाची कोवळी झाडे मोडली होती आणि शेतात १७ मेलेले घोडे पडले होते. त्यांतले पाच सैनिकांनी तिच्या सर्वांत चांगल्या पीचच्या झाडाभोवती जाळले, म्हणून ते झाडही मेले. कुजणाऱ्या जनावरांनी झरा नासला, तेव्हा तिला विहीर खणावी लागली. दोन वर्षांनी तिथे गेलेल्या एका लेखकाला तिने हे सगळे सांगितले. घोड्यांची हाडे शंभर पौंडांना ५० सेंट या दराने तिने विकली होती, आणि तेवढीच भरपाई हाती आली होती. तिच्यापासून जवळच अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे १२ एकर होते. दक्षिणेचे सैन्य दिसेल त्या कृष्णवर्णीयाला धरून नेत होते, म्हणून तो बायकामुलांसह आधीच निघून गेला होता. त्याने १,०२८ डॉलरच्या नुकसानीचा दावा लावला. त्याला १५ डॉलर मिळाले.

९ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्स इथे ली शरण आला, तेव्हा अटींवर बोलता बोलता त्याने एक अडचण सांगितली. त्याच्या सैन्यात घोडदळ आणि तोफखान्यातले साधे शिपाईसुद्धा स्वतःच्या घरचे घोडे घेऊन आलेले होते, आणि लिहिलेल्या अटींप्रमाणे ते फक्त अधिकाऱ्यांनाच ठेवता येणार होते. उत्तरेचे सेनापती ग्रँट यांनी कागद बदलला नाही, पण सांगितले की यातली बहुतेक माणसे छोटे शेतकरी असावीत, आणि या जनावरांवाचून पुढचा हिवाळा निभावण्यापुरते पीक त्यांना घेता येणार नाही. तेव्हा जो घोडा किंवा खेचर आपले म्हणेल त्याला ते नेऊ द्यावे. उपाशी सैन्यासाठी २५,००० शिधे देण्याचेही ठरले. एप्रिल हा तिकडे मका पेरण्याचा महिना असतो, आणि त्या आठवड्यात व्हर्जिनियाच्या रस्त्यांवरून घराकडे निघालेल्यांपैकी पुष्कळ जणांना ती पेरणी गाठायची होती.